बाईच्या आवाजाचे दोन तवे

आमच्या घरात थोरल्या बहिणीला बाई म्हणायची पद्धत. माझी बाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचा एकही फोटो नाही. लग्नात काढायचा राहिला, पुढे कारंज्याला जाऊन काढू म्हणता म्हणता तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. तिचं म्हणून जे उरलं ते एका तव्यावर उरलं. तवा म्हणजे ग्रामोफोनची रेकॉर्ड. कामरगावात सगळे तवाच म्हणत.

बाई चौथी शिकली. त्या काळी आमच्या पुऱ्यात, म्हणजे वस्तीत, चौथी शिकलेली पोरगी म्हणजे बरंच होतं, पण तिला पुढं शिकायचं होतं आणि बाबा वारल्यावर मायसोबत वावरात निंदायला जाणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून ती गेली आणि मी शाळेत राहिले. यावर तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट निंदताना तिनं माझ्यावरच एक गाणं रचलं. ते असं होतं:

पोर निंगाली साळंले, तिच्या हातामंदी पाटी
मले दिसे उजेड गं, उंबऱ्याच्या काठोकाठी

पुढं आणखी चार कडवी होती. तिचा आवाज गोड नव्हता. तो वरच्या पट्टीचा, जरा चिरका होता, वावराच्या या धुऱ्यावरून पलीकडच्या बांधावर पोचेल असा. पण ती गायला लागली की बाया खुरपं थांबवायच्या.

लग्न होऊन ती रिठदला गेली. भाऊजींची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, दोन झांजा आणि ते स्वतः. एप्रिलमध्ये, जयंतीच्या महिन्यात, त्यांना रिसोडपासून वाशीमपर्यंत बोलावणी असत. आवाज जाड आणि भरदार, उंचेपुरे, पांढरा सदरा घालून उभे राहिले की समोरचा मांडव शांत व्हायचा. त्यांनी बाईला मागं धरायला, म्हणजे झील ओढायला, सोबत घेतलं आणि एक दिवस तिचं हे पाटीचं गाणंही पार्टीत घेतलं. मग कोणाच्या तरी ओळखीनं मुंबईला रेकॉर्ड काढायचं जमलं. मी तेव्हा सातवीत होते. तवा आला तेव्हा एका बाजूला जयंतीचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला बाईचं. मधल्या गोल कागदावर भाऊजींचं नाव आणि पुढं ‘व पार्टी’. बाई त्या पार्टीत होती.

तिनं तो तवा मायला आणून दिला. आमच्याकडं वाजवायला काही नव्हतं. माय तो लुगड्याच्या घडीत ठेवायची. जयंतीला माईकवाला यायचा, तेव्हा ती तो स्वतः हातात धरून त्याच्याकडं न्यायची आणि वाजवून झाला की लगेच परत आणायची. दीड वर्षानं बाई गेली. वर्षभरात भाऊजींनी दुसरं लग्न केलं. त्यात वावगं काही नव्हतं. मायच म्हणाली, घर उघडं पडते, करा.

मी शिकले. डी.एड. झाले आणि मंगरूळपीरला मुलींच्या शाळेत लागले. दर्ग्याच्या रस्त्याला एक खोली भाड्यानं घेतली. पगार सुरू झाल्यावर पहिली मोठी वस्तू मी घेतली ती रेकॉर्डप्लेअर. पेटीसारखा होता, झाकणाचे दोन भाग सुटे होऊन दोन स्पीकर व्हायचे. जुन्या तव्यासाठी वेग बदलायचा आणि सुईची खुंटी फिरवून दुसरी जाड सुई खाली आणायची. मायनं तवा माझ्या स्वाधीन केला तेव्हा पदरानं दोनदा पुसला.

पहिल्यांदा वाजवला तेव्हा आधी नुसती खरखर आली. मग पेटी, मग भाऊजी आणि त्यांच्यामागून बाई. लांबून येत होती, पण येत होती. ‘मले दिसे’ म्हणताना ‘ले’वर तिचा आवाज थोडा फाटायचा. तो फाटला की मला बरं वाटायचं. मी दर रविवारी एकदाच लावायची. जास्त लावला तर झिजेल ही भीती होती.

सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. भाऊजींचं नाव मोठं झालं होतं. एका सुट्टीच्या दिवशी मी अकोल्याला गेले होते, तिथं रेकॉर्डच्या दुकानात काचेमागं त्यांचा फोटो दिसला. मोठा बारा इंची तवा, रंगीत कव्हर, भाऊजी हात वर करून उभे, आणि वर ठळक अक्षरांत ‘स्टिरिओ’. मागच्या यादीत बाईचं गाणं होतं. मी हरखले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, जुनीच गाणी आहेत, पण नवीन करून काढली. दोन्हीकडून वेगवेगळं ऐकू येतं. जुन्या तव्यात काय, सगळं एकाच भोकातून.”

मी तो तवा छातीशी धरून एसटीत बसले. मंगरूळपीर येईपर्यंत माझ्या मनात एकच होतं, आता बाई खरखरीशिवाय ऐकू येईल.

घरी येऊन लावला. सुरुवातीला व्हायोलिनं. आमच्या पार्टीत व्हायोलिन कुठून आलं? मग भाऊजींचा आवाज, आरशांच्या खोलीत गायल्यासारखा घुमणारा. आणि मग एक बाई गाऊ लागली. सुरेल, मऊ, गुळगुळीत.

मुलगी निघाली शाळेला, तिच्या हातामध्ये पाटी
मला दिसे उजेड गं...

मी सुई उचलली. परत ठेवली. परत तेच. कव्हर उलटून पाहिलं. बारीक अक्षरांत भाऊजींच्या नावाशेजारी एका गायिकेचं नाव होतं. गीत म्हणूनही भाऊजींचंच नाव होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भरदुपारी दार लावून मी दोन्ही तवे आलटून पालटून ऐकले. जुना, नवा, जुना, नवा. दर वेळी वेग बदलायचा, सुई फिरवायची. शाळेत दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून कोणी कोणाचं पाहून लिहिलं हे मी शोधायची, तसंच चाललं होतं. ढोलकीचे ठेके तेच होते. भाऊजींचा श्वास घेण्याचा आवाजही त्याच जागी येत होता. म्हणजे त्यांनी नव्यानं गायलं नव्हतं. जुनंच घेतलं होतं आणि त्यावर ही नवीन बाई चढवली होती. मग जुन्यातली बाई गेली कुठं?

मी उजव्या स्पीकरची वायर काढली. व्हायोलिनं गेली, ती गुळगुळीत गायिकाही गेली. डाव्या स्पीकरला कान लावला. भाऊजींचा जाड आवाज, ढोलकीचा धुमका, आणि त्याच्या खाली, भिंतीपलीकडं कोणी बोलावं तशी, बाई. ती ‘मले’च म्हणत होती. सगळे आवाज एकाच माईकवर, एकाच रेघेत गेलेले, त्यामुळं त्यांना ती काढता आली नव्हती. वरचे सूर छाटून तिला दाबली होती आणि तिच्यावर दुसरी बसवली होती.

राग आला तो आधी त्या ‘मला’चा. आणि त्याच रागात टेबलावर पडलेल्या मुलींच्या वह्यांकडं लक्ष गेलं. त्या आठवड्यातला निबंध होता. त्यात मीच लाल शाईनं ‘मले’वर काट मारून ‘मला’ लिहिलं होतं, ‘साळं’ खोडून ‘शाळा’. एकीच्या वहीत तर पानभर. मी वह्या उचलून कपाटात टाकल्या. सोमवारी परत काढल्या आणि उरलेल्या तशाच तपासल्या. दुसरं काय करणार होते?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी रिठदला गेले. भाऊजी घरी होते. त्यांनी विटांचं घर बांधलं होतं, ओट्यावर खुर्च्या होत्या. त्यांची बायको चांगली होती, मला बहिणीसारखं वागवायची. तिनं चहा आणला. नवा तवा भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता, फोटोसारखा.

“पाह्यला का तवा?” भाऊजींनी हसून विचारलं.

“पाहिला. बाई कुठं आहे त्यात?”

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “पाह्य, मी सांगतो. कंपनीवाले म्हनले, मांगचा बाईमानसाचा आवाज चिरका येते, आता असा चालत नाई. शहरातले लोक घेत नाईत. एक तं पूरं गानंच काढून टाकतो म्हनत होते. मी म्हनलो, गानं राहू द्या, आवाजाचं तुमी पाह्यून घ्या.”

“आणि शब्द?”

“शब्दाचं काय? मले म्हनलं काय न मला म्हनलं काय, अर्थ तं तोच.”

“गीत कोणाचं म्हणून छापलं?”

त्यांनी भिंतीवरच्या तव्याकडं पाहिलं. मग म्हणाले, “मेलेल्या मानसाचं नाव छापून कोनाचं भलं होनार होतं? तिचं गानं अख्ख्या महाराष्ट्रात वाजून राह्यलं, हे काही कमी हाय का?”

“तिचं नाही वाजत. तिला पुरून वर दुसरी उभी केली तुम्ही.”

मी हे फार मोठ्यानं बोलले असणार, कारण त्यांची बायको आतून दारात आली. भाऊजींचा चेहरा लाल झाला. ते उठून उभे राहिले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नसतं तर बरं झालं असतं.

“तुले तो जुना तवा लई खरा वाटते ना? त्यातबी ती मांगंच होती. एकच माईक होता. पहिल्या डावाले माह्या आवाजावर तिचाच आवाज चढला. मीच म्हनलो तिले, दोन पावलं मांगं सरक. मंग आनखी दोन. चार खेपा केल्या, चारी खेपा ती मांगं सरकली. शेवटी भितीले पाठ लागली तिची. तिनं एका शब्दानं काई म्हनलं नाई. आता तू कायले बोलून राह्यली?”

मी चहा न पिता उठले. त्यांची बायको मागं मागं आली, म्हणाली, “ताई, असं उपाशी नका जाऊ.” मी गेले. एसटीच्या थांब्यावर दोन तास बसले. इतके दिवस मी त्या जुन्या तव्याला बाईचा खरा आवाज समजत होते. तो लांबून येतो, तर तो काळाचा, खरखरीचा दोष असं धरून चालले होते. तो दोष नव्हताच. तिला भिंतीला टेकवून उभी केली होती आणि ती तिथून गात होती.

पंधरा दिवसांनी जयंती होती. मी कामरगावला गेले, सोबत जुना तवा घेऊन. पुऱ्यात निळ्या पताका लागल्या होत्या, विहारापुढं मांडव होता, बाभळीला दोन भोंगे बांधले होते. माईकवाला कारंज्याचा, ओळखीचा. सकाळची वंदना झाली आणि त्यानं भाऊजींचा नवा तवा लावला. मी त्याच्याकडं जाऊन म्हटलं, “दादा, त्यातलं पाटीचं गाणं याच्यावरून लावा. हे मूळचं आहे.”

त्यानं तवा उन्हात तिरपा धरून पाहिला. “लय घासला हो हा, मॅडम.”

“लावा तुम्ही.”

त्यानं लावला. भोंग्यातून आधी खरखर आली, पत्र्यावर खडी ओतल्यासारखी. तेवढ्यात मांडवातून कोणीतरी ओरडलं, “काय लावलं बे, तवा खराब झाला तुहा!” बाईचा आवाज सुरू झाला तेव्हा दोन-चार पोरी हसल्या. तो भोंग्यातून खरंच चिरका वाटत होता, मलाही वाटला. ज्यांच्या सोबत तिनं निंदलं होतं त्यातल्या एक-दोन म्हाताऱ्या बाया समोरच बसल्या होत्या; त्यांनीही कानावर पदर घेतला. पहिलं कडवं संपायच्या आत मंडळाचा अध्यक्ष आला आणि हात जोडून म्हणाला, “मास्तरीनबाई, कारेक्रमाचा रंग जाऊन राह्यला. नवा लावू द्या.” माईकवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी होकाराची मान हलवली. तवा पिशवीत घातला आणि घराकडं निघाले. मागं व्हायोलिनं सुरू झाली आणि पोरं टाळ्या पिटू लागली.

माय ओट्यावर बसली होती. गुडघे धरल्यापासून ती मांडवापर्यंत जात नसे, आणि कानानंही कमी ऐकायची. भोंगा ओट्याच्या बाजूला तोंड करून होता, म्हणून तिला ऐकू येत होतं. मी आले तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“ये, बस अशी,” ती म्हणाली. “ऐक. कशी साफ गाऊन राह्यली माही पोर. आंधीच्या तव्यात कुठं दूर उभी राहून गायल्यावानी वाटे. आता पाह्य, जवळ येऊन गाऊन राह्यली.”

नवीन गायिका तेव्हा ‘मला दिसे’ म्हणत होती.

मी गप्प बसायला हवं होतं. आजही मला वाटतं की गप्प बसायला हवं होतं. पण रिठदहून आणलेलं माझ्या पोटात होतं, मांडवातलं हसू कानात होतं. मी म्हणाले, “माय, ती बाई नाही.”

“काय म्हनलं?”

मी मोठ्यानं सांगितलं. “ती आपली बाई नाही. मुंबईची कोणीतरी आहे. जावयानं बाईचा आवाज दाबला आणि हिचा टाकला. बाई खाली आहे, ऐकू येत नाही.”

मायला पहिल्यांदा कळलंच नाही. मी परत सांगितलं. मग तिनं डोळे पुसले. भोंग्याकडं पाहत राहिली. दुसरं गाणं लागलं तेव्हा म्हणाली, “मंग हे कोन व्हय?”

“नाव छापलंय. मला माहीत नाही कोण ते.”

“मी तं रोज ऐकतो तिले,” माय म्हणाली. “बाजूच्या घरी लावतात. मी रोज ऐकतो.” आणि मग माझ्याकडं न बघता, “तुले सांगाची काय गरज होती?”

मी म्हणाले, “खरं ते सांगितलं.”

“खरं,” ती म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत उठून आत गेली. त्या दिवशी तिनं जयंतीचं जेवणही घेतलं नाही.

मी तिच्यासाठी जुना तवा परत लुगड्याच्या घडीत ठेवला. पुढच्या महिन्यात गेले तर तो माझ्या पिशवीत घालून ठेवलेला. म्हणाली, “घेऊन जाय. मले आता दोन्हींतली कोनतीच वळखू येत नाई.” आधी ती सणावाराला बाईचं काही ना काही काढायची, हे तिला आवडायचं, हे ती असं करायची. ते बंद झालं. बाजूच्या घरी गाणं लागलं की ती काहीतरी काम काढून मागच्या दारी जायची.

मी रिठदला परत गेले नाही. भाऊजींची दोन पत्रं आली, ती मी उत्तर न देता ठेवून दिली. तिसऱ्या वेळी पत्र आलं ते मायच्या नावानं. त्यांना मुलगा झाला होता, बारशाला या म्हणून. मला वाटलं माय ते बाजूला टाकेल. पण तिनं शेजारणीकडून वाचून घेतलं, घरातल्या जुन्या हिरव्या खणाची कुंची शिवायला घेतली आणि दोन दिवसांत पुरी केली. डोळ्यांनी धड दिसत नसताना तिनं तिला लाल गोंडा लावला.

बारशाच्या सकाळी ती जीपनं कामरगावहून मंगरूळपीरला आली. रिठदवरून जाणाऱ्या रिसोडच्या गाडीत तिला मी बसवून द्यायचं ठरलं होतं. स्टँडवर गर्दी होती. मी तिला खिडकीजवळ जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली. कुंचीचं गाठोडं तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. कंडक्टर अजून यायचा होता.

मला राहवलं नाही. “माय, तुला तिथं जाववतं तरी कसं?” मी विचारलं.

“लेकरू झालं त्याले,” ती म्हणाली. “लेकरानं काय केलं?”

मग तिनं खिडकीतून माझ्याकडं पाहिलं. “तू येत नाई?”

“नाही.”

“नको येऊ,” ती म्हणाली. “तू आली का तिथंबी सगळ्याईले खरं सांगत बसशीन.”

कंडक्टरनं दार ओढलं. गाडी सुटली. मला अकराची शाळा होती, मी स्टँडवरून तशीच शाळेत गेले.